पेटीकडे लक्ष, फुलाकडे दुर्लक्ष : परागवाहकांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

परागवाहक, म्हणजे एका फुलातला पराग दुसऱ्या फुलात नेणारे कीटक कमी होत आहेत, हे आज बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. ही चिंता कुठून सुरू झाली याचा माग काढत गेलं की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. मधमाशीच्या पेटीत काय चालतं याचा अभ्यास माणसानं मन लावून केला. फुलावर येणाऱ्या बाकीच्या जिवांकडे मात्र अगदी अलीकडेपर्यंत फारसं पाहिलंच नाही. आजच्या संवर्धनातल्या बऱ्याच अडचणींचं मूळ मला याच असमतोलात दिसतं.

वनस्पतींमध्ये नर-मादी असतात आणि परागाशिवाय बी धरत नाही, हे जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या रुडॉल्फ कामेरारिउस यांनी १६९४ मध्ये प्रयोगांनिशी मांडलं. एरंडाची नरफुलं उमलण्याआधीच खुडली, तर झाडाला बी येत नाही असं त्यांना आढळलं. पण पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात नेतो कोण? त्यात कीटकांचा हात असतो हे १७६१ पासून योजेफ क्योलरॉयटर सांगू लागले. या प्रश्नाला खरा वाहून घेतलेला माणूस मात्र ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल. बर्लिनजवळच्या श्पांडाऊ इथल्या शाळेचे हे प्रमुख. १७८७ च्या उन्हाळ्यात रानजिरेनियमच्या पाकळ्यांच्या बुडाशी त्यांना बारीक लव दिसली. ती तिथे का असावी, याचा विचार करता करता ते या निष्कर्षाला आले, की पावसाचं पाणी मकरंदात शिरू नये म्हणून. मग मकरंद कुणासाठी? कीटकासाठी. पाकळीवरचे ठिपके आणि रेघा कशासाठी? त्याच कीटकाला वाट दाखवण्यासाठी. चारशेहून अधिक वनस्पती तपासून त्यांनी १७९३ मध्ये ग्रंथ छापला. अनेक फुलांची रचनाच अशी आहे की स्वतःचा पराग स्वतःला लागू नये, हेही त्यात होतं.

ग्रंथाला प्रतिसाद थंड मिळाला. जर्मन कवी ग्योटे यांच्यासारख्या मोठ्या माणसालाही ही मांडणी पटली नाही. १७९४ मध्ये श्प्रेंगेल यांचं शाळेतलं पद गेलं आणि १८१६ मध्ये ते फारशी ओळख न मिळताच वारले. स्वतःचा पराग टाळण्यात फुलाचा फायदा काय, हे त्यांना सांगता आलं नव्हतं, हे खरं. पण इतकं बारीक निरीक्षण अर्धशतकभर बाजूला पडून राहिलं, याची हळहळ वाटतेच.

१८४१ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी तो ग्रंथ वाचला आणि परपरागीभवनाचा, म्हणजे दुसऱ्या फुलाचा पराग घेण्याचा, फायदा काय, या प्रश्नावर पुढे अनेक वर्षं काम केलं. ऑर्किडवरचं त्यांचं पुस्तक १८६२ चं. मादागास्करमधल्या एका पांढऱ्या ऑर्किडची मकरंदनळी सुमारे ३० सेंटिमीटर लांब पाहून, तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे असं भाकीत त्यांनी केलं. त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांनी, १९०३ मध्ये, त्या पतंगाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं.

याच काळात पेटीकडचं काम कितीतरी वेगानं पुढे गेलं, कारण त्यामागे मध आणि मेण होतं. स्वित्झर्लंडचे फ्रांस्वा ह्युबर अंध होते. सहायक फ्रांस्वा ब्युर्नेन्स यांच्या डोळ्यांनी पाहून त्यांनी पोळ्यातले बारकावे नोंदवले. राणीमाशीचं मीलन पोळ्याबाहेर, उडताना होतं, हा त्यांचाच शोध. १८५१ मध्ये अमेरिकेतले लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी पेटीत पोळं ज्यांवर बांधलं जातं त्या चौकटींभोवती सहा ते नऊ मिलिमीटरची फट ठेवली. एवढी जागा मधमाश्या मेणानं किंवा डिंकानं बुजवत नाहीत, येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. त्यामुळे पोळं न मोडता चौकट बाहेर काढता येऊ लागली. आधुनिक मधमाशीपालन या फटीवरच उभं आहे.

विसाव्या शतकात कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांना रंग ओळखता येतात हे सिद्ध केलं आणि पुढे त्यांच्या नाचाचा अर्थ लावला. चाऱ्याची दिशा आणि अंतर कामकरी माशी नाचून सांगते. आजी ज्यू वंशाची असल्याचं कारण देऊन नाझी राजवटीनं त्यांना विद्यापीठातून काढायचं ठरवलं होतं. पण नोसेमा रोगानं मधमाश्या मरत होत्या, त्यावरच्या संशोधनासाठी ते हवे होते, म्हणून कारवाई लांबली. १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या सगळ्यात मधमाशी म्हणजेच परागवाहक, असं समीकरण घट्ट होत गेलं. त्याला छेद देणारे अनुभव वेळोवेळी येत होते. न्यूझीलंडमध्ये लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाला पुरेसं बी धरेना, म्हणून १८८५ मध्ये इंग्लंडहून लांब सोंडेच्या बंबलबी, म्हणजे मोठ्या केसाळ रानमाश्या, नेल्या गेल्या. मेक्सिकोची व्हॅनिला इतरत्र नुसती फुलायची, फळायची नाही. १८४१ मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडी आणि अंगठ्यानं परागीभवनाची सोपी युक्ती शोधली, आणि जगभरातली व्हॅनिलाची शेती आजही तिच्यावर चालते. मलेशियात तेलताडाचं परागीभवन मजूर हातानं करत. वारा हे काम करतो असाही समज होता. १९८१ मध्ये कॅमेरूनहून एक छोटा सोंड्या किडा आणून सोडला आणि हातानं करायचं ते काम उरलंच नाही.

धोक्याची पहिली स्पष्ट खूण कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमध्ये दिसली. तिथे जंगलातल्या अळीवर १९७० च्या सुमारास विमानातून फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक फवारलं गेलं. शेजारच्या ब्लूबेरीच्या शेतांतल्या रानमाश्या मेल्या आणि उत्पादन घटलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण नुकसान पेटीचं नव्हतं, ज्यांचा कुणी मालक नाही अशा माश्यांचं होतं.

तरी जगाचं लक्ष वेधलं ते पेटीनंच. सातेरी या आशियाई मधमाशीवरचा व्हरोआ हा परजीवी युरोपीय मधमाशीवर गेला. १९७० च्या दशकात तो युरोपात पसरला, १९८७ मध्ये अमेरिकेत सापडला. २००६-०७ च्या हिवाळ्यात अमेरिकेत पेट्याच्या पेट्या ओस पडल्या. राणी, पिल्लं, मध जागेवर. कामकरी माश्या गायब. एकच एक कारण सापडलं नाही. कीड, रोग, कीटकनाशकं आणि अपुरा चारा यांचा एकत्रित परिणाम, हेच उत्तर पुढे आलं. बातम्यांनी मात्र ‘मधमाशी नष्ट होतेय’ असा अर्थ घेतला. प्रत्यक्षात १९६१ नंतर जगातल्या पाळीव वसाहती सुमारे ४५ टक्क्यांनी वाढल्या होत्या. परागवाहकांवर अवलंबून असलेली पिकं मात्र त्याहून कितीतरी वेगानं वाढली.

मग रानातल्या माश्यांचं काय? इथे विज्ञान अडलं, कारण जुने आकडेच नव्हते. ज्या थोड्या नोंदी होत्या, त्या बहुतांशी हौशी निरीक्षकांच्या. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या अशाच नोंदींवरून २००६ मध्ये दिसलं की रानमाश्यांची विविधता आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली रानफुलं दोन्ही बरोबरच घटली आहेत. जर्मनीत क्रेफेल्डच्या हौशी कीटकअभ्यासकांनी ६३ संरक्षित ठिकाणी सापळे लावून जमवलेल्या नोंदींतून २०१७ मध्ये कळलं, की २७ वर्षांत उडत्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घसरलं. पगार न घेता बाटल्या भरून लेबलं लावणाऱ्या या लोकांचं ऋण मोठं आहे.

दरम्यान रानमाश्यांची किंमत पिकांतही दिसू लागली. २०१३ च्या एका अभ्यासात जगभरातल्या ४१ पिकांच्या ६०० शेतांची तुलना होती. मधमाश्या कितीही असल्या तरी रानटी कीटकांमुळे फळधारणा वाढते, असं त्यात आढळलं. २० हजारांहून जास्त जातींच्या माश्यांपैकी मध साठवणाऱ्या मोजक्याच. बहुसंख्य एकांड्या, जमिनीत किंवा पोकळ काड्यांत घर करणाऱ्या. त्यांना पेटी देऊन वाचवता येत नाही. उलट बाहेरून आणलेल्या माश्या घातही करतात. १९९० च्या दशकाअखेर चिलीत परागीभवनासाठी युरोपीय बंबलबी आणली आणि पुढच्या काही वर्षांत तिथली धिप्पाड केशरी बंबलबी मोठ्या भूभागातून दिसेनाशी झाली.

धोरणं या ज्ञानामागून चालत आली. परागवाहकांविषयीच्या १९९८ च्या साओ पाउलो जाहीरनाम्यानंतर २००० मध्ये जैवविविधता कराराखाली आंतरराष्ट्रीय परागवाहक उपक्रम सुरू झाला. निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांवर युरोपीय संघानं २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला वापर बंद केला. अमेरिकेत २०१७ मध्ये एका बंबलबीला संकटग्रस्त जातीचं कायदेशीर संरक्षण मिळालं.

२०२४ मध्ये लागू झालेल्या युरोपच्या निसर्गपुनर्स्थापना कायद्यात परागवाहकांची घट २०३० पर्यंत थांबवून उलट फिरवण्याचं बंधन सदस्य देशांवर आहे, आणि ती मोजण्याची एकसमान पद्धत ठरवण्याची तरतूदही त्यात आहे. घोषणांपेक्षा मला ही मोजणीची अट जास्त मोलाची वाटते. कुठली माशी किती होती हे माहीत नसल्यामुळेच तिचं जाणं इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.