कार्टच्या व्हिडिओवरचे आकडे कुठून आले

कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, चालवणारी मुलं आज सेशन संपल्यावर व्हिडिओ लावतात, तेव्हा चित्राच्या कोपऱ्यात वेग आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) धावत असतात. चित्र आणि आकडे मात्र वेगवेगळ्या घरांत वाढले. आजही बिघाड होतो तो बहुधा त्यांच्या सांध्यावरच.

आकड्यांचं घर जुनं. रेसिंग गाडीच्या टॅकोमीटरला, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या तबकडीला, पूर्वी एक जादा काटा असे. इंजिनाने गाठलेल्या कमाल आरपीएमवर तो अडकून राही. खालचा गिअर घाईने पडून आरपीएम उसळला, तर मेकॅनिकला तो काट्यावरून कळे. कुठल्या वळणावर, ते कळत नसे. ते कळायला गाडीतच सतत नोंद करणारा लॉगर यावा लागला. कार्टला तो परवडू लागला, तेव्हा आरपीएम स्पार्क प्लगच्या वायरीवरून घेतला जाई आणि लॅप (ट्रॅकची एक फेरी) मोजली जाई ती पिटजवळ, म्हणजे गाड्या थांबतात त्या जागेजवळ, ठेवलेल्या इन्फ्रारेड बीकनच्या अदृश्य किरणावरून किंवा ट्रॅकमध्ये पुरलेल्या चुंबकीय पट्टीवरून. दोन्ही पद्धती अजून चालतात.

चित्राने वेगळी वाट धरली. १९५६ साली शर्यतपटू माइक हॉथॉर्न यांनी जॅग्वार डी-टाइप या रेसिंग गाडीवर कॅमेरा बांधून फ्रान्समधल्या ल मां ट्रॅकचा फेरा बोलत बोलत चित्रित केला. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्ट शर्यतीत गाडीतलं थेट चित्र टीव्हीवर आलं. १९८५ च्या जर्मन ग्रां प्रीत रेनोने जादा गाडी उतरवून फॉर्म्युला वनमध्येही तेच केलं. हे सगळं प्रेक्षकांसाठी होतं. चालकाला त्यातून शिकायचं तर आकड्यांची जोड हवी होती.

ती जोड दिली जीपीएसने. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी सिग्नलमधली मुद्दाम मिसळलेली चूक काढली. त्याआधी स्थान शंभरेक मीटरने चुकू शके. आठ-दहा मीटर रुंदीच्या ट्रॅकवर त्याचा काय उपयोग? तरी फोनचं जीपीएस पुरत नाही. ते बहुधा सेकंदाला एकदाच नोंद करतं आणि ताशी ९० किमी वेगात दोन नोंदींमध्ये २५ मीटर निघून जातात. दहा हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा नोंदी करणाऱ्या, लॉगरला हेच अंतर अडीच मीटर पडतं.

खरी ठेच लागते ती घड्याळात. कॅमेऱ्यावर ‘३०’ लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्ष फ्रेम (व्हिडिओतली सुटी चित्रं) पडतात सेकंदाला २९.९७. हा १९५३ च्या अमेरिकी रंगीत टीव्हीचा वारसा. सॉफ्टवेअरने पूर्ण ३० धरले, तर पंधरा मिनिटांच्या सेशनमध्ये ०.९ सेकंदाची तफावत साठते, म्हणजे त्याच वेगात जवळजवळ २२ मीटर. ब्रेक वळणाआधी लागला की वळणात, हा निर्णयच मग उलटा होतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत २५ किंवा ५० फ्रेम पूर्णांकात असतात, म्हणून कॅमेरा त्या सेटिंगवर ठेवावा. कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (हलतं चित्र स्थिर करणारी सोय) बंद ठेवावं, नाहीतर ते चौकट सरकवतं आणि कार्टचं खरं घसरणं झाकलं जातं. कॅमेरा धरणारा क्लॅम्प कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात लेथवर करून घेतला तरी चालेल, पण तो चॅसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) नळीवर बसवावा. फायबरच्या बंपरवर चित्र जेलीसारखं थरथरतं.

चित्र आणि आकडे यांच्या जुळणीसाठी मागची चाकं स्टँडवर उचललेली असताना रेकॉर्डिंग सुरू करावं आणि दोनदा थ्रॉटल द्यावा. व्हिडिओतला आवाज आणि आरपीएमची उसळी एकमेकांवर बसवावी. शेवटी इंजिन बंद केल्याचा क्षणही जुळतो का, ते पाहावं. तिथे फरक निघाला, तर फ्रेमचा आकडा चुकला आहे.