पार्श्वभूमी : ब्रुकलिनचे रस्ते, पोज दिलेले फोटो आणि हिप हॉपचा शिक्का

हिप हॉपचा जन्म १९७३चा, न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. ती गोष्ट इथे पुन्हा उगाळत नाही. त्याच शहरातल्या ब्रुकलिनच्या रेड हूक भागातला छायाचित्रकार जमेल शबाझ खऱ्या अर्थाने कामाला लागला तो १९८०मध्ये, जर्मनीतली लष्करी नोकरी संपवून घरी परतल्यावर. वडील नौदलात फोटोग्राफर होते, त्यामुळे कॅमेऱ्याचं अप्रूप लहानपणापासूनचं.

फ्लॅटबुश, डिलान्सी स्ट्रीट, टाइम्स स्क्वेअर, भुयारी रेल्वे अशा ठिकाणी त्याचा राबता असे. तरुण पोरं तिथे नटूनथटून यायची. कॅन्गॉलची टोपी, कझालचा चष्मा, कडक इस्त्रीची जीन्स, पट्ट्याच्या बकलावर स्वतःचं नाव. प्यूमाच्या बुटांच्या नाड्यासुद्धा ताणून, इस्त्री फिरवून रुंद केलेल्या. कझालच्या चष्म्यांसाठी तर लूटमार व्हायची, तरी पोरं ते घालून ऐटीत फिरायचीच.

वाद होतो तो त्याच्या पद्धतीवरून. चोरून फोटो काढणं त्याच्यात बसत नसे. आधी जाऊन बोलायचं, सोबतचा अल्बम दाखवायचा, होकार मिळाला की मगच कॅमेरा उचलायचा. समोरचा अर्थातच सावरून, पोज घेऊन उभा राही. मग ही डॉक्युमेंटरी कसली, असं नकळत टिपलेलं तेवढंच खरं मानणारे विचारतात. मला हा आक्षेप पोकळ वाटतो. हाताची घडी, टेकलेला गुडघा, दोस्ताच्या खांद्यावरचा हात यांतून ती पोरं आपण कसं दिसावं हे स्वतः ठरवत होती, आणि त्या काळाची हीसुद्धा नोंदच आहे.

खरा गुंता दुसराच आहे, तो या फोटोंवर बसलेल्या हिप हॉपच्या शिक्क्याचा. या फोटोंत नावाजलेले रॅपर फारसे नाहीतच. कामावर निघालेली माणसं, बहिणीबहिणी, लेकरू कडेवर घेतलेले बाप आहेत. १९८३पासून वीस वर्षं तो स्वतः रायकर्स आयलंडच्या तुरुंगात नोकरीला होता, आणि क्रॅक कोकेनच्या व्यसनाने वस्त्या पोखरल्या त्या याच काळात. हिप हॉपचा शिक्का बसला तो नंतर. आधी मासिकांनी फोटो छापले, २००१मध्ये पहिलं पुस्तक आलं आणि फॅशनवाल्यांना जुन्या स्टाइलचा आयता संदर्भग्रंथ मिळाला. २०२२मध्ये मोठं प्रदर्शन भरलं, तेही ब्रुकलिनच्या या माणसाचं, ब्रॉन्क्सच्या संग्रहालयात.