मधुमेहात हृदयविकार वेगळ्या वाटेने का जातो?

मधुमेह असो वा नसो, हृदयविकाराची सुरुवात धमनीच्या आतल्या अस्तराखालीच होते. तिथे एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉलचे कण शिरतात, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि चरबीचा थर साचत जातो. त्यावरचा पातळ पापुद्रा फाटला की रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो.

मधुमेहात या प्रत्येक पायरीला हातभार लागतो. रक्तातली जादा साखर भिंतीतल्या प्रथिनांना चिकटून धमनी ताठ करते. अस्तरातून येणारे, वाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड घटते आणि प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी धरवणाऱ्या रक्तातल्या पेशी, लवकर चिकटतात. शिवाय इन्सुलिनला शरीर दाद देत नसेल, तर ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढते, एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल उतरते आणि एलडीएलचे कण लहान व दाट होतात. कण लहान असले की तेवढ्याच कोलेस्टेरॉलसाठी त्यांची संख्या जास्त लागते. म्हणून रिपोर्टमधला एलडीएलचा आकडा बरा दिसला तरी निर्धास्त होऊ नये.

अँजिओग्राफीत फरक डोळ्यांना दिसतो. मधुमेह नसलेल्यांत बरेचदा एखाद-दुसरा आखूड अडथळा सापडतो. मधुमेहात लांबच लांब, अनेक धमन्यांत आणि बारीक फांद्यांपर्यंत पसरलेले किटण दिसते. एका जागी स्टेंट बसवला तरी पुढचा-मागचा रोग तसाच राहतो. अनेक धमन्यांत अडथळे असलेल्या मधुमेहींवरच्या २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीत पाच वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, तर बायपासच्या गटात १८.७ टक्के होते. पक्षाघात मात्र बायपासनंतर जास्त झाले. बायपासमध्ये कलम (दुसऱ्या रक्तवाहिनीचा तुकडा) रोगट भागाच्या पलीकडे जोडतात, म्हणून एकूण फायदा जास्त.

दुसरी अडचण दुखण्याची. दीर्घकाळच्या मधुमेहात हृदयाचे मज्जातंतूही बधिर होतात. छातीत कळ न येता नुसती धाप, घाम, मळमळ किंवा अचानक थकवा एवढ्यावरच झटका निभावतो. मग तो ‘अ‍ॅसिडिटी’च्या खात्यावर जमा होतो.

हाच रोग पायांच्या धमन्यांतही होतो, आणि तिथली तपासणीही फसवू शकते. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब हे गुणोत्तर ०.९ च्या खाली गेले तर पायाच्या धमन्या अरुंद आहेत असे धरतात. मधुमेहात धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचते, रक्तदाब मोजण्याचा पट्टा तिला दाबू शकत नाही आणि आकडा १.४ च्याही वर जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा.

मग साखर जितकी खाली तितके बरे का? नाही. ‘अकॉर्ड’ चाचणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा टक्क्यांतला आकडा) ६ च्या खाली रेटणाऱ्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो उपचार मुदतीआधीच थांबवला गेला. बहुतेकांसाठी ७ च्या आसपासचे लक्ष्य पुरते. वयस्कर किंवा साखर वारंवार उतरणाऱ्या रुग्णांत ते आणखी सैल ठेवतात. हृदय वाचवण्यात स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे), रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे यांचा वाटा साखरेइतकाच, किंबहुना जास्त असतो.