केंब्रिजशरच्या नकाशातली न दिसणारी उंची

इंग्लंडच्या जुन्या काउंटी-नकाशांमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) जॉन स्पीडचा १६१० सालचा केंब्रिजशरचा नकाशा लगेच ओळखू येतो. त्याच्या कडांना विद्यापीठातल्या कॉलेजांची मानचिन्हं ओळीनं लावलेली आहेत आणि झगे घातलेले विद्वान रुबाबात उभे आहेत. सगळे त्या झग्यांकडेच बघतात. खरी गंमत आहे ती नकाशाच्या उत्तर भागात. दक्षिणेला गावांची दाटी दिसते, तर उत्तरेला पाण्याचे फाटे, दलदल आणि तिच्यात ईलीचं बेट. आज त्या ईलीभोवती सपाट काळी शेतं आहेत. समुद्राशी ईलीचा संबंध तेव्हाही नव्हता. ते बेट होतं दलदलीतलं.

स्पीडनं यातली फारच थोडी मोजणी स्वतः केली होती. दुसऱ्यांच्या पिकात आपण विळा घातला, अशी कबुली त्यानंच देऊन ठेवली आहे. मूळ मेहनत मुख्यतः ख्रिस्तोफर सॅक्स्टनची. त्यानं १५७० च्या दशकात इंग्लंड आणि वेल्स पालथं घातलं. त्याच्या १५७६ च्या नकाशात केंब्रिजशरला आणखी चार काउंट्यांबरोबर एकाच कागदावर दाटीवाटीनं बसवलं आहे. सरकारी पत्र दाखवून बुरुजांवर, टेकड्यांवर चढायचं आणि तिथून मुलूख न्याहाळायचा, ही त्या काळातली सोय होती. टेकड्या तो छोट्या ढिगाऱ्यांसारख्या काढी. पण त्यावरून खरी उंची कळत नाही. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ब्रिटिश नकाशांवर रुळल्या त्या थेट एकोणिसाव्या शतकात.

आणि या मुलखाचा पुढचा सगळा इतिहास घडला तो नेमका उंचीतच.

फेन्स म्हणून ओळखला जाणारा हा पाणथळ प्रदेश गरीब नव्हता. मासे, पाणपक्षी, बोरू, कुरण सगळं होतं. १०८६ च्या शाही जमीन-नोंदीत इथली देणी हजारो वाम माशांच्या रूपात लिहिलेली आहेत. पण बेडफर्डच्या अर्लला, म्हणजे तिथल्या उमरावाला, आणि त्याच्या भागीदारांना तिथं गहू दिसत होता. निचऱ्याच्या बदल्यात ९५,००० एकर मिळणार, असा त्यांचा सौदा ठरला आणि कॉर्नेलियस व्हेरमायडेन हा डच अभियंता कामाला लागला. नागमोडी नदीत पाणी रेंगाळतं आणि गाळ टाकतं. सरळ कालव्यात उतार वाढतो, पाणी वेगानं वाहून गाळही ओढून नेतं, हे त्याचं गणित. सुमारे ३४ किलोमीटरचा सरळसोट जुना बेडफर्ड कालवा १६३७ मध्ये झाला, त्याला समांतर नवा १६५१ मध्ये. मासेमारी आणि चराई गमावणाऱ्या स्थानिकांनी बांध फोडले, दंगे केले. त्यानंतर काही वर्षांतच जोनास मूरनं या साऱ्या कामाचा सोळा पानी नकाशा काढला. त्यात स्पीडच्या गुंतागुंतीच्या फाट्यांवर पट्टीनं ओढाव्यात तशा रेषा आल्या होत्या. (पृथ्वी सपाट आहे हे सिद्ध करायला पुढे लोक जुन्या बेडफर्ड कालव्यावरच आले. १८७० मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसनं पैज लावून तिथंच पाण्याची वक्रता दाखवली. पैज जिंकूनही त्याला वर्षानुवर्षं मनस्तापच मिळाला.)

व्हेरमायडेनच्या गणितात एक गोष्ट धरलेली नव्हती. इथली बरीचशी जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची आहे. पाण्याखाली प्राणवायू पोचत नाही, म्हणून त्या पुऱ्या कुजत नाहीत. पाणी काढलं की पीट आधी आक्रसतं आणि आपल्याच वजनानं दबतं. मग हवा लागलेल्या थरात सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि पीटमधला कार्बन, कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. वसंतातलं वारं कोरडी माती उडवतं ते वेगळंच. जमीन खाली, कालवे वर, अशी उलटी स्थिती झाली. पाणी वर चढवायला पवनचक्क्या आल्या, मग वाफेची इंजिनं, डिझेल आणि शेवटी विजेचे पंप. प्रत्येक नवा पंप पाणी आणखी खोलवरून काढी आणि जमीन आणखी खचे.

ही घसरण मोजायला होम फेन इथं १८५१ मध्ये एक ओतीव लोखंडी खांब पुरला गेला, त्याचं टोक जमिनीच्या पातळीला ठेवून. शेजारचं व्हिटल्सी मिअर हे विस्तीर्ण तळं त्याच वर्षी नव्या केंद्रोत्सारी पंपानं उपसलं गेलं. पहिल्या दहाएक वर्षांत खांब जवळजवळ दीड मीटर उघडा पडला. आता सुमारे चार मीटर. ती जागा आज समुद्रसपाटीच्या खाली, ब्रिटनमधल्या सर्वांत सखल जागांपैकी आहे.

या खचण्यानं पुसलेला भूगोलही वर आणला. जुन्या प्रवाहांच्या तळाशी साचलेला बारीक गाळ पीटसारखा आक्रसत नाही. त्यामुळे भोवतालची जमीन उतरली आणि मेलेल्या नद्या लांबट उंचवट्यांच्या रूपानं उघड्या पडल्या. विमानातून त्या काळ्या शेतांवर फिकट, वळणदार पट्ट्यांसारख्या दिसतात. पाया पक्का म्हणून त्यांवर घरंही बांधली गेली. स्पीडच्या पाण्याच्या फाट्यांहून कितीतरी जुने फाटे त्यांत सापडतात.

स्पीडच्या केंब्रिजशरमध्ये मात्र तो खांब शोधू नये. होम तेव्हा हंटिंग्डनशरमध्ये होतं, ते केंब्रिजशरमध्ये आलं १९७४ च्या फेररचनेत. ईलीच्या बेटाचाही कारभार १९६५ पर्यंत वेगळ्या काउंटी कौन्सिलकडे होता. होम फेनभोवती आता उलटा प्रयोग चालू आहे: चर बुजवून पाणी पुन्हा जमिनीत मुरू द्यायचं, म्हणजे उरलेलं पीट तरी ओलं राहील. शेजारच्या शेतांतले पंप अर्थातच सुरू आहेत.