हेबियस खटल्यात निकालाआधीचं अपील: ट्वायफर्ड प्रकरणामागचा इतिहास

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या २०२२ च्या 'शूप विरुद्ध ट्वायफर्ड' प्रकरणात वाद वरकरणी साधा होता. ओहायोत मृत्युदंड झालेल्या कैद्याला मेंदूच्या तपासणीसाठी रुग्णालयात न्यावं, असा आदेश फेडरल जिल्हा न्यायालयानं दिला. त्याच्या हेबियस याचिकेचा (कैदेच्या वैधतेला आव्हान देणारी याचिका) निकाल लागायचा होता, तरी तुरुंगाधिकारी लगेच अपिलात गेले. असं अपील चालतं का?

१७८९ च्या न्यायपालिका कायद्यापासून अमेरिकेत नियम असा, की अपील अंतिम निकालावरच. आज तो अमेरिकेच्या कायदेसंहितेतल्या २८ व्या शीर्षकाच्या कलम १२९१ मध्ये आहे. पुढे त्याला वाटा फुटल्या. १९४९ च्या 'कोहेन' निकालानं कोलॅटरल ऑर्डरची (मूळ वादाच्या बाजूच्या आदेशावर लगेच अपील) वाट दिली: आदेशानं मुद्दा कायमचा मिटवलेला हवा, मुद्दा महत्त्वाचा आणि मूळ वादापासून वेगळा हवा, आणि अंतिम अपिलात तो तपासायची सोय उरता कामा नये. तिन्हींपैकी एक अट हुकली, की अपील फेटाळलं जातं. कलम १२९२(ब) १९५८ चं. त्यात आधी जिल्हा न्यायाधीशानं मधल्या आदेशावर लगेच अपील योग्य असल्याचं लेखी प्रमाणित करायचं, मग १० दिवसांत अपील न्यायालयाची परवानगी मागायची. तिसरी वाट मँडॅमसची (वरच्या न्यायालयानं खालच्या न्यायालयाला थेट दिलेला आदेश), तीही क्वचितच उघडते.

राज्याच्या कैद्याला हेबियस प्रकरणात अपिलासाठी न्यायाधीशाचा परवानगीचा दाखला लागतो, ही अट १९०८ ची. १९९६ च्या कायद्यानं ती कडक केली. इथे हमखास घोटाळा होतो. दाखला मिळाला तरी मधल्या आदेशावर अधिकारक्षेत्र निर्माण होत नाही, आणि दोन्ही पक्ष राजी असले तरी न्यायालय ते गृहीत धरू शकत नाही. उलट, २००९ च्या 'हार्बिसन' निकालानुसार कैदेच्या वैधतेवर निकाल देणाऱ्या अंतिम आदेशालाच दाखला लागतो. वकील नेमण्यास नकार देणाऱ्या आदेशाला नाही.

ट्वायफर्डमध्ये बहुमतानं कोलॅटरल ऑर्डरचीच वाट धरली. कैद्याला बाहेर नेण्याचा धोका आणि खर्च एकदा झाला, की अंतिम अपिलात तो भरून निघत नाही, हा त्यांचा आधार. मग ५ विरुद्ध ४ मतांनी आदेश रद्द झाला, कारण मिळणारा पुरावा याचिकेत ग्राह्य ठरेल, हे आधी दाखवलंच नव्हतं. न्यायमूर्ती ब्रेयर यांच्या मते मात्र अपील न्यायालयाला अधिकारच नव्हता, आणि ते भिन्न मत गांभीर्यानं वाचायला हवं: कैद्याला तपासणी नाकारली, तर त्याला बहुधा अंतिम निकालापर्यंत थांबावं लागतं, तुरुंगाला मात्र लगेच दाद मिळते.