झेन म्हणजे डोकं रिकामं करणं नव्हे

‘झेनमध्ये भांडी घासतानाही मन विचारशून्य ठेवायला शिकवतात,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. झेन हा बौद्ध धर्मातला ध्यानावर भर देणारा पंथ आणि सोतो ही त्याची एक शाखा. जपानच्या सोतो झेन मठांमधलं जेवण पाहिलं, तर हा समज टिकत नाही. तिथे भिक्षू ओर्योकी वापरतात: एकात एक बसणारे वाडगे, चमचा, चॉपस्टिक आणि टोकाला कापड लावलेली चपटी काडी, सगळं एका फडक्यात गुंडाळलेलं. फडकं सोडण्यापासून पुन्हा गाठ मारण्यापर्यंत प्रत्येक हालचालीचा क्रम ठरलेला असतो. वाढपी समोर आला की पुरेसं झाल्याचा इशारा हातानेच करायचा. लक्ष सुटलं, तर अन्न जास्त पडतं. ते संपवावंच लागतं आणि सगळी ओळ खोळंबते. शेवटी गरम पाणी मोठ्या वाडग्यात घ्यायचं, काडीने वाडगा धुवायचा आणि तेच पाणी लहान वाडग्यात ओतायचं. त्यातलं थोडं पिऊनही टाकतात.

मन कोरं असेल, तर हे जमेल कसं?

जपानमध्ये सोतो शाखा रुजवणारे गुरू दोगेन यांनी 1237 मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी लिहिलेल्या सूचना तर आणखी नेमक्या आहेत: तांदूळ निवडताना खडे पाहा, आणि खडे काढताना तांदूळ वाया जाऊ देऊ नका.