अंधार पडला की थांबायचं

हेलिकॉप्टरने माणसं वाचवण्याच्या इतिहासाची सुरुवातच सबुरीची आहे. एप्रिल 1944 मध्ये ब्रह्मदेशच्या जंगलात, जपानी फौजेच्या पिछाडीला, एक वैमानिक आणि तीन ब्रिटिश सैनिक अडकले होते. अमेरिकेचे लेफ्टनंट कार्टर हार्मन ज्या सिकोर्स्की हेलिकॉप्टरातून गेले, त्यात त्यांच्याखेरीज एकालाच जागा होती. दोघांना काढल्यावर इंजिन तापलं. हार्मननी रात्र तिथेच काढली आणि उरलेल्या दोघांना दुसऱ्या दिवशी आणलं.

1956 च्या डिसेंबरात आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर सबुरीला वावच उरला नव्हता. व्हँसाँदाँ आणि आँरी हे तरुण गिर्यारोहक सुमारे 4,000 मीटरवर गारठत पडले होते आणि खाली शामोनी गावात, त्यांना आणायला वर जायचं की नाही यावरच दिवस जात होते. अखेर 31 तारखेला सांतिनी आणि ब्लाँ या वैमानिकांनी एस-58 हेलिकॉप्टर त्यांच्याजवळ नेलं. पंख्याच्या वाऱ्याने भुसभुशीत बर्फ उसळला, समोरचं सगळं पांढरं झालं आणि यंत्र आडवं झालं. आता वाचवणाऱ्यांनाच वाचवायची पाळी आली. त्या दोघा तरुणांना मोडक्या हेलिकॉप्टरच्या पोटात ठेवून इतर जण वर व्हालोच्या निवाऱ्याकडे गेले. 3 जानेवारीला अलुएत हेलिकॉप्टरांनी त्यांना खाली आणलं. तरुणांचे मृतदेह मार्चमध्ये आणले गेले. सांतिनी-ब्लाँना आततायी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घाई त्यांची नव्हती, आधीच्या दिरंगाईची होती. 1958 मध्ये फ्रान्सने शामोनीत जंदार्मेरीचं, म्हणजे लष्करी पोलीस दलाचं, खास पर्वतीय बचाव पथक उभं केलं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण हिमाचलमधल्या परवाणूचं. ऑक्टोबर 1992 मध्ये टिंबर ट्रेलच्या रोप-वेची ओढतार तुटली आणि पाळणा प्रवाशांसह दरीवर लटकला. हवाईदलाचे वैमानिक फली मेजर यांनी एमआय-17 हेलिकॉप्टर तारांच्या वर स्थिर धरलं आणि पॅरा कमांडो मेजर इव्हान क्रॅस्टो विंचच्या दोराने पाळण्यात उतरले. काही जण निघाले, तोवर अंधार पडला. उड्डाण थांबवलं. क्रॅस्टो मात्र उरलेल्या प्रवाशांसोबत रात्रभर पाळण्यातच राहिले. सकाळी काम पुरं झालं. त्यांना कीर्तिचक्र मिळालं. मला यातलं सर्वांत मोठं धाडस त्या संध्याकाळी न उडण्याचं वाटतं.

पण हा हिशेब प्रत्येक वेळी जमत नाही. 25 जून 2013 ला केदारनाथच्या महापुरानंतरच्या बचावकार्यात गौरीकुंडाजवळ एमआय-17 कोसळलं, वीस जण गेले. खाली हजारो यात्रेकरू अजून अडकलेले होते. दुसऱ्या दिवशी हवाईदलप्रमुख ब्राऊन गौचरला पोचले. उड्डाणं थांबणार नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं.